संपन्न देशांतील ऋणग्रस्त संसार

अमेरिकेचें नांव निघतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें गगनचुंबी इमारती, दारोदार उभ्या असलेल्या मोटारी आणि अलोट संपत्ति उभी राहते. हें चित्र खोटें नाहीं. परंतु देशाची श्रीमंती आणि त्या देशांतील सामान्य गृहस्थाची निश्चिंतता ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, दरवर्षीं नागरिकांच्या सांपत्तिक स्थितीची पाहणी करते. त्या पाहणींत एक अगदीं साधा प्रश्न विचारला जातो : अचानक ४०० डॉलरांचा खर्च उद्भवला, तर तो कसा भागवाल? २०२३ सालच्या पाहणींत शेंकडा ६३ प्रौढांनीं सांगितलें कीं, हातांतील रोकड किंवा तिच्या बरोबरीच्या साधनांतून तो भागवतां येईल. उरलेल्या शेंकडा ३७ लोकांपैकीं कोणाला कर्ज काढावें लागलें असतें, कोणाला कांहींतरी विकावें लागलें असतें, तर कोणाला ती रक्कम उभी करतांच आली नसती. मोटारीची एखादी दुरुस्ती किंवा दाताचें एखादें दुखणें एवढाच तो खर्च. आणि तेवढ्यानें इतक्या धनाढ्य देशांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसांचा तोल जावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ह्याचें कारण लोकांची उधळपट्टी होय, असें उत्तर पुष्कळदां दिलें जातें. चैनीचे कपडे, हॉटेलांतील जेवणें आणि नवनवीन यंत्रें ह्यांपायीं संसार बुडतात, असा हा आरोप आहे. हार्व्हर्ड विद्यापीठांत कायद्याच्या अध्यापक असलेल्या आणि पुढें सेनेटवर निवडून गेलेल्या एलिझाबेथ वॉरन ह्यांनीं आपली कन्या अमेलिया वॉरन त्यागी ह्यांच्यासह २००३ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत हा आरोप आंकड्यांनिशीं तपासला. महागाईचा हिशेब केल्यावर असें दिसून आलें कीं, अन्न आणि कपडे ह्यांवरील कुटुंबाचा खर्च एका पिढीपूर्वींच्या मानानें कमीच झाला होता. वाढला होता तो घराचा हप्ता, विम्याचा हप्ता, मुलांच्या सांभाळाचा आणि दुसऱ्या मोटारीचा खर्च. अमेरिकेंत सरकारी शाळांचा बराचसा पैसा त्या त्या भागांतील घरपट्टीच्या उत्पन्नांतून येतो, आणि मूल कोणत्या शाळेंत जाईल हें सामान्यतः घराच्या पत्त्यावरून ठरतें. तेव्हां चांगली शाळा हवी असेल, तर महाग वस्तींत घर घेणें भाग पडतें. नवरा-बायको दोघेंही मिळवूं लागलीं. परंतु दुसरा पगार घराच्या किंमतींतच मुरून गेला. पूर्वीं घरांतील मिळवता पुरुष अंथरुणाला खिळला, तर बायको चार पैसे मिळवून आणूं शकत असे. आतां तो राखीव हात आधींच कामाला जुंपलेला असतो. त्यामुळें एक पगार थांबला कीं हप्ता चुकतो, आणि हप्ता चुकला कीं कुटुंबाची गांठ कायद्याशीं पडते.

ही गांठ सर्वकाळ आजच्याइतकी कठीण नव्हती. १८९८ सालच्या नादारीच्या कायद्यानें अमेरिकेंत कर्जबाजारी माणसाला कायमचें संरक्षण मिळालें. १९३४ सालीं तेथील सुप्रीम कोर्टानें असें स्पष्ट केलें कीं, प्रामाणिक परंतु दुर्दैवी ऋणकोला जुन्या ओझ्याखालून मोकळें करून आयुष्याची नवी सुरुवात करूं देणें, हाच ह्या कायद्याचा हेतु आहे. १९३५ सालीं वृद्धांच्या निर्वाहाची तरतूद झाली. १९३८ सालीं किमान वेतन ठरलें. १९६८ सालीं कर्जापोटीं पगाराचा किती भाग जप्त करतां येईल, ह्यास मर्यादा घातली गेली. शिवाय बहुतेक राज्यांत व्याजाच्या दरावर कायद्याची कमाल मर्यादा असे. व्याज एका हद्दीपलीकडे वाढूं शकत नसल्यामुळें, ज्याला कर्ज झेपणार नाहीं त्याला तें देण्यांत सावकारालाही फारसा लाभ नसे.

ह्या बांधाला पहिलें भगदाड पडलें तें १९७८ सालीं. नेब्रास्का राज्यांतील एक बँक मिनेसोटा राज्यांतील लोकांना क्रेडिट कार्डावर कर्ज देत असे. मिनेसोटाची व्याजमर्यादा कमी होती, नेब्रास्काची अधिक. सुप्रीम कोर्टानें निर्णय दिला कीं, राष्ट्रीय बँकेला आपल्या स्वतःच्या राज्यांतील दरानें परराज्यांतील गिऱ्हाइकाकडूनही व्याज घेतां येतें. निर्णय जुन्या बँक-कायद्याच्या शब्दांना धरून होता. पण त्याचा परिणाम दूरवर पोंचला. १९८० सालीं साउथ डाकोटा ह्या लहानशा राज्यानें आपली व्याजमर्यादा काढून टाकली, आणि १९८१ सालीं न्यूयॉर्कच्या सिटिबँकेनें आपला कार्डांचा कारभार त्या राज्यांतील सू फॉल्स ह्या गांवीं हलविला. त्याच वर्षीं डेलावेअर राज्यानेंही बँकांना असेंच आमंत्रण दिलें. एखाद्या राज्याच्या विधिमंडळानें आपल्या नागरिकांच्या संरक्षणाचा कायदा रद्द केला नसतांही, राष्ट्रीय बँकांपुरता तो निष्प्रभ झाला. ऋणको ज्यांना निवडून देत होता त्यांच्या हातीं त्याच्या कार्डाचा व्याजदर राहिला नाहीं. तो दुसऱ्याच राज्याच्या राजधानींत ठरूं लागला.

कर्जाचें दुसरें मोठें मूळ म्हणजे आजारपण. अमेरिकेंत वैद्यकीय विमा नोकरीशीं जोडला गेला, तो बहुतांशीं युद्धकाळांतील एका योगायोगामुळें. १९४२ सालीं पगारवाढीवर निर्बंध आले, तेव्हां कामगारांना आकर्षून घेण्यासाठीं कारखानदार विमा देऊं लागले; त्यावर पुढें करमाफी मिळाली आणि ती पद्धत रूढ झाली. तिच्यांतील दोष असा कीं, दुखण्यामुळें नोकरी सुटली तर ज्या वेळीं विम्याची सर्वांत अधिक गरज, नेमका त्याच वेळीं विमाही सुटतो. १९६५ सालीं वृद्धांसाठीं आणि अत्यंत गरिबांसाठीं सरकारी व्यवस्था झाली. २०१० सालच्या कायद्यानें आणखी कोट्यवधि लोकांना विमा मिळवून दिला. तरीही २०२३ सालीं शेंकडा ८ लोक विम्यावांचून होते. विमा असलेल्यांनाही आरंभींची ठराविक रक्कम स्वतःच्या खिशांतून भरावी लागते, आणि ती पुष्कळदां हजारों डॉलरांची असते. १९८६ सालच्या कायद्याप्रमाणें बहुतेक रुग्णालयांना प्राणसंकटांतील रोग्याला तपासून त्याची प्रकृति स्थिर करावीच लागते. पण बिल मागाहून येतेंच. ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठीं असलेल्या सरकारी विभागानें २०२२ सालीं अंदाज केला कीं, लोकांच्या पत-अहवालांत नोंदलेलें वैद्यकीय कर्जच ८,८०० कोटी डॉलरांचें होतें. ह्या अहवालावरून घर भाड्यानें मिळणें, गाडीसाठीं कर्ज मिळणें, क्वचित् नोकरी मिळणेंही ठरतें. जानेवारी २०२५ मध्यें त्या विभागानें वैद्यकीय कर्ज अशा अहवालांतून वगळण्याचा नियम केला. परंतु त्याच वर्षीं जुलै महिन्यांत टेक्सासमधील संघीय न्यायालयानें तो रद्द ठरविला.

आतां हें कर्ज न्यायालयांत कसें पोंचतें, तें पाहण्यासारखें आहे. मूळ धनको बहुधा स्वतः दावा लावीत बसत नाहीं. तो थकलेलीं कर्जें गठ्ठ्यानें विकून टाकतो. फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी मंडळानें २०१३ सालीं केलेल्या चौकशींत असें आढळलें कीं, अशीं कर्जें विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्या मूळ रकमेच्या डॉलरामागें सरासरी अवघे ४ सेंट देतात. म्हणजे ४० डॉलरांना घेतलेल्या कागदावरून हजार डॉलरांचा दावा उभा राहतो. पुष्कळदां त्या कागदाबरोबर मूळ करार नसतो, भरलेल्या हप्त्यांचा पुरा हिशेबही नसतो. केवळ एका यादींतील नांव आणि आंकडा असतो. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स ह्या संस्थेच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणें कर्जवसुलीचे दावे १९९३ सालीं १७ लाख होते, ते २०१३ सालापर्यंत ४० लाखांवर गेले. जेथील आंकडे उपलब्ध होते तेथें शेंकडा ७० हून अधिक दावे एकतर्फी निकालांत निघाले. प्रतिवादीला वकील लाभला असें उदाहरण शेंकडा १० सुद्धां नव्हतें.

प्रतिवादी हजर कां राहत नाहीं? कित्येकांना समन्स पोंचलेलेंच नसतें. ज्यांना पोंचतें त्यांना दावा लावणाऱ्या कंपनीचें नांव अनोळखी असतें, कारण कर्ज घेतलें होतें तें दुसऱ्याकडून. कोणाला एक दिवसाची रजा मिळत नाहीं, कोणाला वकिलाचा खर्च परवडत नाहीं. १९६३ सालीं सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, गंभीर फौजदारी खटल्यांत गरीब आरोपीला सरकारनें वकील द्यावा. दिवाणी दाव्यांत मात्र असा सर्वसाधारण हक्क नाहीं. घर जावो कीं पगार जावो, माणूस तुरुंगांत जात नाहीं तोंवर त्यानें आपली बाजू आपणच सांभाळावी, असा त्याचा व्यवहारांत अर्थ होतो. न्यायाधीशाच्या टेबलावर शेंकडों दाव्यांचा ढीग असतो. प्रतिवादी गैरहजर आहे एवढें पाहून हुकूमनामा निघतो, आणि ज्या पुराव्याची कोणीं मागणी केली नाहीं तो तपासलाही जात नाहीं.

हुकूमनाम्याच्या पाठोपाठ पगारावर जप्ती येते. संघीय कायद्यानें तिला दोन मर्यादा आहेत : कायदेशीर कपात वजा जातां उरलेल्या आठवड्याच्या पगाराचा चौथा हिस्सा, किंवा किमान वेतनाच्या तीसपटीहून जेवढा पगार अधिक असेल तेवढा भाग; ह्यांपैकीं जी रक्कम कमी तेवढीच घेतां येते. संघीय किमान वेतन २००९ सालच्या जुलैपासून ताशीं ७.२५ डॉलरांवरच राहिलें. म्हणून ती तीसपट अवघी २१७.५० डॉलर होते. ज्याच्या हातीं आठवड्याला ६०० डॉलर पडतात, त्याचे १५० डॉलर घरीं येण्यापूर्वींच जातात. चौथा हिस्सा हा आंकडा कागदावर सौम्य दिसतो. परंतु ज्या घरांत भाडें, विमा आणि मोटारीचा हप्ता ह्यांतच बहुतेक पगार संपतो, तेथें तो चौथा हिस्सा म्हणजे महिन्याचा किराणा होय. टेक्सास, पेनसिल्व्हेनिया आणि दोन्ही कॅरोलिना ह्या राज्यांनीं साध्या कर्जासाठीं पगारजप्तीला बहुतांशीं मज्जाव केला आहे, आणि तेथील बँका त्यामुळें बुडालेल्या नाहींत.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांना एकतर्फी हुकूमनाम्याची हकीकत अपरिचित वाटणार नाहीं. १८७५ सालीं मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर उठले आणि ती लाट आसपासच्या गांवांत पसरली, तेव्हां लोकांचा मुख्य रोंख कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर होता. पुढें झालेल्या चौकशींत शेतकऱ्यांच्या गैरहजेरींत निघणारे हुकूमनामे हें असंतोषाचें एक ठळक कारण म्हणून पुढें आलें. १८७९ सालीं दक्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यानें न्यायाधीशावर असें कर्तव्य घातलें कीं, रोख्यावरील आंकडा मुकाट्यानें न स्वीकारतां देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून तपासावा. तो कायदा सर्वथा यशस्वी झाला असें नव्हे. परंतु रोग कोठें आहे हें त्यानें बरोबर ओळखलें होतें. अमेरिकेंतील दाव्यांतही उणीव आहे ती ह्याच तपासणीची.

सावकाराला न्यायालयाचें दार असें सताड उघडें असतांना गिऱ्हाइकाला मात्र तें पुष्कळदां बंद आढळतें. १९२५ सालचा लवादाचा कायदा मुख्यतः व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील तंटे लवकर मिटावेत म्हणून झाला. पुढें बँका, टेलिफोन कंपन्या आणि मालक ह्यांनीं आपल्या छापील करारांत असें कलम घालण्यास आरंभ केला कीं, तक्रार झाल्यास ती न्यायालयांत न नेतां खाजगी लवादापुढें, तीही एकेकट्यानेंच न्यावी. २०११ सालीं एका टेलिफोन कंपनीविरुद्धच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें हें कलम उचलून धरलें. फुकट म्हणून दिलेल्या टेलिफोनावर सुमारें ३० डॉलर कर आकारला, एवढीच मूळ तक्रार होती. तीस डॉलरांसाठीं एकटा माणूस कधींही भांडणार नाहीं. हजारों माणसें मिळून भांडूं शकलीं असतीं, पण तीच वाट बंद झाली. २०१८ सालीं नोकरांच्या पगारविषयक तक्रारींनाही हाच नियम लागू झाला.

शेवटचा आसरा नादारीचा. तोही २००५ सालीं आकुंचित झाला. नादारीचा दुरुपयोग थांबविण्यासाठीं म्हणून जो कायदा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश ह्यांनीं त्या वर्षीं एप्रिलमध्यें मंजूर केला, त्यानें अर्जदाराच्या उत्पन्नाची कसोटी लावली, अर्जापूर्वीं समुपदेशन सक्तीचें केलें आणि कागदपत्रें व वकिलाचा खर्च वाढविला. कायदा ऑक्टोबरमध्यें लागू होण्यापूर्वीं लोकांनीं घाईघाईनें अर्ज केले. त्या सालचे अर्ज २० लाखांवर गेले आणि २००६ सालीं ते सुमारें ६ लाखांवर उतरले. कांहीं प्रकारच्या कर्जांना तर हें दार जवळजवळ नाहींच. विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर १९७६ सालीं पांच वर्षांची अट आली, १९९८ सालीं मुदतीची सवलतही गेली, आणि २००५ सालीं बहुतेक खाजगी शिक्षणकर्जांनाही तोच नियम लागला. असाधारण हालअपेष्टा सिद्ध केल्यावांचून तीं कर्जें नादारींत सुटत नाहींत. ह्या कर्जांचा एकूण आंकडा १ लाख ७० हजार कोटी डॉलरांच्या पलीकडे गेला आहे. त्यांतील कांहीं भाग माफ करण्याची राष्ट्राध्यक्ष बायडन ह्यांची योजना सुप्रीम कोर्टानें जून २०२३ मध्यें रद्द केली.

राहत्या घराची कथा ह्याहूनही विलक्षण आहे. नादारींत न्यायाधीश मोटारीचें किंवा सुट्टींत राहण्यासाठीं घेतलेल्या दुसऱ्या घराचें कर्ज पुष्कळ प्रसंगीं मालमत्तेच्या आजच्या किंमतीपर्यंत उतरवूं शकतो. परंतु ज्या घरांत कुटुंब राहतें त्याच्या गहाणाला हात लावण्याची त्याला सामान्यतः मनाई आहे. २००८ सालच्या आर्थिक संकटानंतर लक्षावधि घरें लिलावाच्या वाटेवर असतांना ही मनाई सैल करण्याचा प्रस्ताव सेनेटपुढें आला; ३० एप्रिल २००९ रोजीं तो फेटाळला गेला.

सावकारांच्या बाजूनेंही एक मुद्दा मांडला जातो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. वसुलीची खात्री नसेल तर कर्ज महाग होईल, आणि त्याचा भुर्दंड प्रामाणिकपणें हप्ते भरणाऱ्या गरिबालाच बसेल. हें कांहीं अंशीं खरें आहे. घेतलेलें कर्ज फेडावें, हा संकेत मोडल्यानें कोणत्याही समाजाचें भलें होणार नाहीं. परंतु कर्ज फेडणें आणि न तपासलेला आंकडा फेडणें ह्यांत अंतर आहे. ऐकून घेतल्यावर दिलेला हुकूमनामा कठोर असला तरी न्याय्य असूं शकतो. न ऐकतां दिलेला हुकूमनामा खऱ्या कर्जाचा असला तरी त्यांत न्यायाचा अंश योगायोगापुरताच असतो.

ह्या दिशेनें कांहीं पावलें पडलीं आहेत. २०१७ सालीं न्यूयॉर्क शहरानें, घरांतून काढले जाण्याच्या दाव्यांत गरीब भाडेकरूंना वकील मिळण्याचा हक्क दिला; असें करणारें तें अमेरिकेंतील पहिलेंच शहर. २०२१ सालीं न्यूयॉर्क राज्यानें ग्राहककर्जाच्या दाव्याची मुदत सहा वर्षांवरून तीन वर्षांवर आणली आणि दाव्याबरोबर अधिक पुरावा जोडणें सक्तीचें केलें. मे २०२३ मध्यें सुप्रीम कोर्टापुढें मिनेसोटांतील एका ९४ वर्षांच्या वृद्धेचें प्रकरण आलें. तिची घरपट्टी सुमारें २,३०० डॉलर थकली होती. दंड, व्याज व खर्च मिळून ती १५,००० डॉलर झाली. सरकारी अंमलदारांनीं तिची सदनिका ४०,००० डॉलरांना विकली आणि वरचे २५,००० डॉलरही आपल्याकडेच ठेवले. कोर्टानें एकमतानें सांगितलें कीं, कर वसूल करण्याचा अधिकार म्हणजे कराहून अधिक घेण्याचा अधिकार नव्हे.

तात्पर्य हें कीं, अमेरिकेंतील सामान्य कुटुंब एखाद्या मोठ्या वादळानें कोसळतें असें क्वचितच घडतें. एक दुखणें, एक चुकलेला हप्ता, एक न पोंचलेलें समन्स आणि एक हुकूमनामा अशा चार पायऱ्यांनीं तें खालीं उतरतें, आणि प्रत्येक पायरीला कायद्याचा आधार असतो. व्याजाची मर्यादा, लवादाचें कलम, नादारीची कसोटी हीं निसर्गाचीं विधानें नव्हेत. तीं ठराविक सालीं, ठराविक सभागृहांत आणि ठराविक न्यायासनांवरून झालेलीं माणसांचीं कृत्यें आहेत. म्हणूनच त्यांत बदल करणें माणसांच्याच हातीं आहे. कर्जदाराला दान नको आहे. हुकूमनाम्यावर सही होण्यापूर्वीं त्याचें म्हणणें एकदां कोणीं ऐकावें आणि त्याच्या नांवावरचा आंकडा एकदां कोणीं तपासावा, एवढेंच त्याला हवें आहे. आणि न्यायालय ह्याच कामासाठीं असतें.